सीटी स्कॅन नॉर्मल आलाय, मग डोकं अजून का गरगरतंय?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही परभणी जिल्ह्यातले. सासूबाई ७२ वर्षांच्या, बारा दिवसांमागं न्हाणीत घसरल्या, डोकं मागून दगडावर आपटलं, मोठं टेंगूळ आलं. मिनिटभर कुठं आहोत तेच कळंना त्यांना. सीटी नॉर्मल आला. पण अजून डोकं दुखायलंय, कुशीवर वळलं की घर फिरतंय म्हणतात, टीव्हीचा आवाज सहन होईना, चहात दोनदा साखर टाकतात. दीर म्हणतात झोपू देऊ नका, शेजारीण म्हणती महिनाभर बाजेवरून उठवू नका, अन् जाऊबाई म्हणतात नाटक करायलेत. हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती, ती भीतीनं मीच बंद केली. बरोबर केलं ना?

उत्तर : ताई, आधी गोळीचं बोलू, बाकी नंतर. मनानं बंद केली हे चुकलं. स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळीची नळी, बसवलेला असंल तर गोळी अचानक तोडल्यानं तो ब्लॉक होऊ शकतो, आणि दुसरीकडं डोक्याला मार लागल्यावर त्याच गोळीमुळं आत रक्त जास्त वाहू शकतं. म्हणून आजच, ज्यांनी गोळी दिली त्यांना फोन करा, पडल्याचंही सांगा, ते ठरवतील.

नाटक अजिबात नाही. सीटीत रक्त दिसतं, फ्रॅक्चर दिसतं, पण मेंदूला हिसका बसून त्याचं काम विस्कळीत झालं तर ते फोटोत येत नाही. तरुण पोरं दोनेक आठवड्यांत सावरतात, या वयात कितीतरी आठवडे जातात.

झोपू द्या की! पहिल्या रात्री अधूनमधून उठवून बघतात ते ठीक, आता कशाला. फक्त झोपेची गोळी नको. आणि बाजेवर महिनाभर तर मुळीच नको, आराम पहिले एक-दोन दिवस, त्यानंतर पडून राहिलं की पायातली ताकद जाती, उठलं की बीपी खाली येतं आणि माणूस परत पडतं. सकाळ-संध्याकाळ ढाळजेत चालवा, कुणीतरी बाजूला पाहिजे, डोकं फारच ठणकायला लागलं तर बसवा. दुखण्याला पॅरासिटामॉल चालंल, मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणू नका. कुशीवर वळल्यावर घर फिरणं हे बहुतेक कानातले बारीक खडे जागचे हलल्यामुळं असतं, कानाच्या डॉक्टरांकडं डोकं ठराविक पद्धतीनं वळवून पाच-दहा मिनिटांत पुष्कळ जणांना उतार पडतो.

मला खरी काळजी पुढच्या दोन-तीन महिन्यांची आहे. वयानं मेंदू थोडा आकसतो, त्याच्यावरच्या शिरा ताणलेल्या असतात, एखादी फाटली की रक्त थेंब थेंब साठत राहतं आणि पहिला सीटी नॉर्मल असूनही हे नंतर उद्भवतं. डोकेदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढायली, दिवसभर सुस्ती, चालताना एकीकडं झोल, जीभ अडखळणं, उलट्या, लघवीचं भान न राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी परत सीटी. माणूस उठवून उठंना किंवा झटका आला तर सरळ १०८ लावा. “वय झालं, विसरायलेत” म्हणून घरात बसवून ठेवलेले पेशंट मी फार बघितलेत, आणि वेळेत आणलं तर कवटीला छोटं छिद्र पाडून ते रक्त काढता येतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. साखर दोनदा टाकणं वाढायलंय का कमी व्हायलंय, तेवढं लिहून ठेवा.

आणि त्या पडल्या कशानं? शेवाळ होतं, का आधी भोवळ आली? भोवळ असंल तर झोपून आणि उभं राहून बीपी मोजून घ्या, शुगर बघा, मोतीबिंदूही दाखवा. न्हाणीत धरायला दांडी मात्र या आठवड्यातच बसवा.

प्रश्न : वडील ६८, असाच मार लागून सहा आठवडे झाले. शेतातल्या आखाड्यावर मोटारसायकलवर जायचं म्हणतात. — लातूर

उत्तर : मान वळवून मागं बघताना भोवळ येते का ते विचारा. येत असंल तर चावी तुमच्याच खिशात. येत नसंल तरी आधी डॉक्टरांना दाखवा, तोवर मागच्या सीटवर, हेल्मेट घालून.