"कधीपासून?" "मंगळवारपासून."

"मॅडम, पार्किन्सन्सचा पेशंट ठेवून घेईल असं एखादं चांगलं केंद्र माहीत आहे का? रात्री सांभाळणारं हवं."

मे महिन्यातली दुपार होती. बोपोडीहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली ती सून खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सासरे ७८ वर्षांचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. चालणं मंद झालेलं, अक्षर बारीक झालेलं, पण पेपर वाचणारे, नातवाला गणितं घालणारे.

"नक्की काय होतंय?"

"दिवसभर गुंगीत असतात. दिवेलागण झाली की सुरू होतं. 'भोंगा झाला, पहिली पाळी आहे, माझा डबा कुठाय' म्हणत उठायला बघतात. चादरीवरून काहीतरी वेचत राहतात. आणि आईंना म्हणतात, ही बाई कोण? हिने माझे पैसे चोरले, हिला बाहेर काढा. शेजारच्या आजी म्हणाल्या, वात झालाय. आमच्या ह्यांना वाटतं डिमेन्शिया आहे, स्मृतिभ्रंश, आता असंच चालायचं."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

तिने क्षणभरही विचार केला नाही, आणि मी लिहायचं थांबवलं. विसरभोळेपणा कधी सुरू झाला हे विचारलं की घरचे अडखळतात. कोणी म्हणतं गेल्या दिवाळीच्या आसपास, कोणी म्हणतं तसं दोनेक वर्षं असेल. वार कोणालाच सांगता येत नाही. जिथे वार सांगता येतो, तिथे माझ्या मनात पहिला संशय येतो तो डिलिरियमचा. शेजारच्या आजींचा शब्द जुना असला तरी रोख बरोबर होता. तापात माणूस बरळू लागला की पूर्वी 'वात झाला', 'सन्निपात झाला' म्हणत, आणि ते ऐकून घरातलं कोणीतरी वैद्याकडे धावत असे. आज आपण 'वय झालं' म्हणतो आणि थांबतो, याचं मला फार वाईट वाटतं.

डिलिरियम म्हणजे शरीरात कुठेतरी बिघाड झाल्यामुळे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ. तो काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो, दिवसभरात कमी-जास्त होतो, संध्याकाळनंतर बहुधा वाढतो. लक्ष टिकत नाही, हे त्याचं मुख्य लक्षण. रविवारपासून उलटे वार सांगायला सांगितले तर माणूस शनिवार, शुक्रवारनंतर भरकटतो. पार्किन्सन्सचा मेंदू आधीच काठावर उभा असतो, त्यामुळे इतर कोणाचं साध्या तापावर भागेल तिथे त्याचा तोल जातो.

मी तिला एकेक विचारत गेले. पाणी किती पितात? रात्री लघवीला उठवावं लागतं म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंदच केलं होतं, तेही पुण्याच्या मे महिन्यात. पोट साफ? पाच दिवस नाही. लघवीला जळजळ? "हो, म्हणत होते खरं, पण ताप नव्हता." वयस्कर माणसात संसर्ग असूनही ताप नसणं अगदी शक्य असतं. नवीन काही औषध? गेल्या शनिवारी सर्दीसाठी केमिस्टकडून आणलेली, झोप आणणारी गोळी. अशा जुन्या सर्दीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लघवी तुंबते, बद्धकोष्ठ वाढतं आणि म्हाताऱ्या माणसाचं भान सुटू शकतं. कंपासाठी कधीकधी देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलचाही हाच धोका असतो. आणि बद्धकोष्ठ असलं की लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, तेही अंगी नीट लागत नाही.

आधी काही भास व्हायचे का, हेही विचारलं. वर्षभर त्यांना अधूनमधून खुर्चीखालून मांजर गेल्यासारखं दिसायचं, पण "नसणारच ते" असं तेच हसून म्हणायचे. ते वेगळं. ते आजारातून किंवा त्याच्या औषधांमधून हळूहळू येतं आणि न्यूरॉलॉजिस्टला पुढच्या भेटीत सांगायचं असतं. मंगळवारपासूनचं प्रकरण त्यातलं नव्हतं.

तिला म्हटलं, "ताई, केंद्राचं नंतर बघू. आज संध्याकाळच्या आत त्यांना डॉक्टरकडे न्या. यात समुपदेशनाचं काम नंतर येतं."

नवरा फोनवर होता. त्याचा प्रश्न रास्त होता: "पार्किन्सन्समध्ये डोकं शाबूत राहतं ना?" लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असंच लिहिलं होतं. पुढे कळलं की अनेकांच्या बाबतीत तसं नसतं. तरीही चार दिवसांत माणूस असा बदलला, तर खापर पार्किन्सन्सवर फोडून थांबायचं नाही, कारण शोधायचं.

जाण्याआधी तिच्याकडून एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. सिंडोपाच्या, म्हणजे त्यांच्या लेव्होडोपाच्या गोळीच्या, वेळा: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६. ही गोळी अचानक बंद करू नये. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन नको, आरडाओरड केली म्हणून हॅलोपेरिडॉल नको, आधी न्यूरॉलॉजिस्टला विचारा, आणि खाली त्यांचा नंबर. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचा, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या रसायनाचा, रस्ता अडवतात, आणि पार्किन्सन्सच्या माणसाकडे तेच आधी तुटपुंजं असतं. लेव्होडोपा एकदम थांबवली तर अंग ताठरतं, तीव्र ताप येऊ शकतो, जिवावर बेतू शकतं.

हे कार्ड दुसऱ्याच रात्री कामी आलं. लघवीचा संसर्ग निघाला, रक्तातलं सोडियमही उतरलं होतं. वॉर्डात गोळ्या वॉर्डाच्या वेळेने मिळत होत्या, आणि दुपारपर्यंत काकांना कूसही बदलता येईना. रात्री त्यांनी सलाईन उपसली, तेव्हा शांत करायला हॅलोपेरिडॉल आणायला सांगितलं गेलं. सुनेने कार्ड पुढे केलं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी ते वाचलं, न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला, आणि वेगळं औषध अगदी कमी मात्रेत दिलं. सगळीकडे असं ऐकून घेतात असं नाही, म्हणूनच लेखी असावं.

बाकी घरच्यांनी करायचं ते साधं होतं. चष्मा आणि कानाचं यंत्र घरून आणलं. समोर घड्याळ आणि कालनिर्णय टांगलं. दिवसा पडदा उघडा, रात्री मंद दिवा. आळीपाळीने दहा नातेवाईक नकोत, ओळखीचा एकच चेहरा. हात बांधू द्यायचे नाहीत. "भोंगा झाला" म्हणाले तर "कसला भोंगा, भ्रम झालाय तुम्हाला" असं म्हणायचं नाही, डबा भरल्याचं नाटकही नको. "कामाची काळजी वाटतेय ना? आज सुट्टी आहे. मी सूनबाई, तुमच्याजवळच आहे" एवढं पुरतं.

इथे एक सांगायलाच हवं. काका ओरडत होते म्हणून घर हललं. डिलिरियमचे कितीतरी पेशंट ओरडत नाहीत. ते गप्प होतात, पडून राहतात, घास तोंडात धरून बसतात. "बाबा हल्ली किती शांत झालेत" म्हणून घर सुटकेचा श्वास टाकतं. अशा शांतपणाची मला जास्त भीती वाटते.

संसर्ग आठवड्यात आटोक्यात आला, डोकं ताळ्यावर यायला तीन आठवडे लागले. हे अंतर आधी सांगितलेलं नसलं तर घरचे मधेच खचतात. पूर्वीचं सगळं परत येईलच असंही नसतं. अशा डिलिरियमनंतर स्मरणशक्तीकडे पुढेही लक्ष ठेवावं लागतं, हे मी मुलाला स्पष्ट सांगितलं.

खरं समुपदेशन झालं ते काकूंशी. त्या जूनमध्ये एकट्याच आल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या, मग म्हणाल्या, "एकावन्न वर्षं संसार केला. मनात असल्याशिवाय तोंडात येतं का हो?"

हा प्रश्न मला अनेक बायकांनी विचारला आहे. त्यांना सांगितलं, डिलिरियममध्ये मनातलं बाहेर येतं असं समजू नका. समोर काय चाललंय ते मेंदूला जुळवता येत नाही, भीती मात्र खरी असते. पाकीट हाताशी सापडत नाही, खोली अनोळखी, आणि समोर सतत एकच व्यक्ती. मग चोर तीच ठरते. त्यांच्या सगळ्यात जवळ तुम्ही होतात, म्हणून आरोप तुमच्यावर आला. काकू रडल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

"ह्यांना आठवतं का ते?"

"थोडं थोडं आठवत असेल. विचारून बघा. लाजही वाटत असेल त्यांना."

पुढच्या वेळी काका बरोबर होते. त्यांना भोंगा आठवत होता, भिंतीवरून उतरणारी माणसं आठवत होती, चोरीचा आरोप नव्हता. बायकोकडे वळून सावकाश म्हणाले, "मी काय काय बोललो तुला?"

"चोर म्हणालात."

"मग तू?"

"मी काय, पाणी पाजत होते."

काकांनी थरथरता हात तिच्या मनगटावर ठेवला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

दिवाळीनंतर त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशननंतर डिलिरियम पुन्हा होऊ शकतो, म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच भेटा, हे सांगायला मी फोन केला. काकूंनीच उचलला. "भेटून आलो परवा," त्या म्हणाल्या. "कार्ड मीच दाखवलं. सकाळच्या सहाच्या गोळीचं काय करायचं तेही विचारून घेतलंय."