कोचीची सहल: एफडी मोडायची, ईएमआय घ्यायचा की बोनसची वाट बघायची?

प्रश्न (मुलुंडहून एका ताईंचा, थोडक्यात): दिवाळीनंतर कोचीला जायचं आहे. आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि 66 वर्षांच्या सासूबाई. एका टूर कंपनीनं विमानासह सहा रात्रींचे, सगळे कर धरून 1,48,000 रुपये सांगितले आहेत. एकरकमी भरले तर 4 टक्के सूट, नाहीतर सहा महिन्यांचा ‘नो-कॉस्ट’ ईएमआय आणि 999 रुपये अधिक जीएसटी प्रोसेसिंग फी. बचत खात्यात 48,000 आहेत. अडीच लाखांची एफडी आहे, जानेवारी 2025 मध्ये तीन वर्षांसाठी 7.1 टक्क्यांनी केलेली. घराचा हप्ता 41,000, घरखर्च 38,000, एसआयपी 12,000. सगळं जाऊन महिन्याला 12,000 उरतात. मिस्टरांचा बोनस ऑक्टोबरअखेर येतो, मागच्या वर्षी हातात 70,000 आले होते. एफडी मोडू की ईएमआय घेऊ?

उत्तर: ताई, दोन्ही नको. सहल मात्र रद्द करू नका, ती तुमच्या आवाक्यातली आहे. तुमच्याकडे पैसे कमी नाहीत, फक्त ते येतात ऑक्टोबरअखेर आणि टूर कंपनीला हवेत आत्ता, ऑगस्टमध्ये. म्हणून खर्चाच्या तारखा पैशाच्या तारखांमागे नेऊया.

आधी ईएमआय. एकरकमी भरणाऱ्याला जी 5,920 रुपयांची सूट मिळते ती तुम्हाला मिळणार नाही, म्हणजे तेच तुमचं व्याज झालं. त्यात फी आणि तिच्यावरचा 18 टक्के जीएसटी मिळून 1,179 रुपये. सहा महिन्यांत हे 7,099 रुपये जास्तीचे जातात, आणि दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं तर वर्षाचा दर साधारण 17 टक्के पडतो. शिवाय हप्ता 24,667 चा आणि तुमच्याकडे उरतात 12,000. बाकीचे कुठून आणणार? चार महिन्यांत बचत खातं रिकामं होईल, तेही गणपती-दिवाळीच्या दिवसांत.

आता एफडी. मुदतीआधी मोडली की बँक 7.1 टक्के देत नाही. ठेव जितके महिने राहिली तितक्या मुदतीचा, ठेव केली त्या दिवशीचा दर लावते आणि त्यातून दंड कापते. दंड बहुतेक बँकांत अर्धा ते एक टक्का असतो. समजा तुमच्या बँकेचा तेव्हाचा 19 महिन्यांचा दर 6.8 होता आणि दंड एक टक्का आहे, तर तुम्हाला 5.8 टक्क्यांनी व्याज मिळेल. अडीच लाखांवर 19 महिन्यांत साधारण 5,100 रुपये गेले. वर, 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला आणि ठेवींचे दरही खाली आले. जानेवारी 2025 चा तुमचा दर नव्या ठेवीला मिळेल असं धरू नका. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 79,000 लागतात, म्हणजे ही एफडी जेमतेम तीन महिन्यांची शिदोरी आहे. घरात 66 वर्षांच्या सासूबाई असताना तिला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एसआयपीही चालू द्या. ती थांबवायची गरजच पडत नाही.

मग पैसे कसे बसवायचे? पॅकेज सोडा आणि पाच रात्रींची सहल स्वतः आखा. भाऊबीज 11 नोव्हेंबरला, बुधवारी आहे. शुक्रवारी 13 तारखेला नेत्रावती एक्स्प्रेसनं निघा, शनिवारी दुपारी एर्नाकुलम, म्हणजे कोचीचंच स्टेशन. परतीची गाडी गुरुवार 19 तारखेची. प्रवास साधारण 25 तासांचा, हे खरं. पण दिवाळीच्या आठवड्यात चौघांचं विमानभाडं हाच तुमच्या पॅकेजचा मोठा भाग आहे.

माझा अंदाज असा: थ्री एसीची आठ तिकिटं 17,000 (मुलीला बर्थ हवी म्हणजे पूर्ण भाडं, आणि ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे). फोर्ट कोचीत होमस्टेच्या दोन खोल्या, 2,800 प्रमाणे पाच रात्री, 5 टक्के जीएसटी धरून 29,400. जेवणखाण 15,000. कोचीतलं फिरणं आणि अलेप्पीचा एक दिवस 12,000. तिकिटं, कथकलीचा प्रयोग 3,000. मसाले, खरेदी 6,000. जाण्याआधीची खरेदी 4,000. हाताशी 8,000. एकूण 94,400. हाउसबोटीतली रात्र यात नाही. शिकाऱ्यातून तीन-चार तास बॅकवॉटर फिरलात तरी तेच कालवे दिसतात आणि सासूबाईंना रात्री बोटीत चढ-उतार करावी लागत नाही. खोली महाग घ्यायचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा: रात्रीला 7,500 पर्यंत जीएसटी 5 टक्के, त्यापुढे 18. म्हणजे 7,400 ची खोली 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला.

आता तारखा. रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून 60 दिवस आधी उघडतं. 13 नोव्हेंबरचं तिकीट 14 सप्टेंबरला सकाळी आठ वाजता मिळू लागेल, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी आहे. प्राणप्रतिष्ठेच्या गडबडीत आठ वाजून जातात आणि मग वेटिंग लागते. गुरुजींना नऊनंतरची वेळ द्या आणि घरातल्या एकानं पावणेआठला लॉग-इन करून बसा. उघडल्याबरोबर आधार जोडलेल्या खात्यांनाच तिकीट काढता येतं, म्हणून ते काम याच महिन्यात उरका. परतीचं आरक्षण 20 सप्टेंबरला उघडेल.

खालच्या बर्थसाठी सासूबाईंचं तिकीट ज्येष्ठांच्या कोट्यातून वेगळं काढावंसं वाटेल. त्यात त्यांचा डबा वेगळा पडण्याची भीती असते. त्यापेक्षा चौघांचं एकच तिकीट काढा आणि ‘किमान एक खालची बर्थ मिळाली तरच आरक्षण करा’ हा पर्याय निवडा. 45 पैशांचा विमा घ्या, पण तो अपघाताचा आहे, सहल रद्द झाल्याचा नाही. नेत्रावती ठाण्याला थांबते आणि मुलुंडहून ते जवळ, तरी सामान आणि सासूबाई बरोबर असताना कुर्ल्याच्या टर्मिनसलाच चढा. ठाण्याला ती फार थोडा वेळ थांबते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या उत्तरार्धात संपतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात वेळ पुन्हा तपासा.

पैशाचा हिशेब असा बसतो. 48,000 मध्ये तीन महिन्यांचे 36,000 मिळवले की 84,000. गणपती आणि दिवाळीला 40,000 बाजूला काढले तर उरले 44,000. बोनसच्या आधी द्यायचे ते तिकिटांचे 17,000, होमस्टेची 25 टक्के आगाऊ रक्कम 7,350 आणि खरेदीचे 4,000, म्हणजे 28,350. ते सहज निघतात आणि 15,650 हातात राहतात. उरलेले 66,050 बोनसमधून. होमस्टे मात्र आठवडाभर आधी रद्द केला तर पूर्ण पैसे परत देणाराच घ्या आणि ते लेखी घ्या.

त्या हिशेबानं 5 नोव्हेंबर ही तुमची निर्णयाची तारीख. तोवर बोनस जमा झाला नाही आणि मिस्टरांच्या कंपनीनं पुढची तारीख लेखी दिली आहे, तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तेवढं कर्ज, घ्या. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. 8.1 टक्के धरले तर 50,000 ना तीन महिन्यांचं व्याज साधारण 1,010 रुपये होतं, आणि ठेव जागेवर राहते. मंजुरी आधीच घेऊन ठेवली तर वापरलेल्या रकमेवरच व्याज लागतं. बोनस येणारच नसेल तर मात्र त्याच दिवशी तिकिटं आणि खोल्या रद्द करा. तेव्हा कपात थोडी असते, गाडीची वेळ जवळ येईल तशी ती वाढते.

सामानाकडेही हिशेबानं बघा. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस असतो. तिथे त्याला तुलावर्षम म्हणतात. सकाळ लख्ख, दुपारनंतर ढग आणि संध्याकाळी विजांसह सर. बोटीची फेरी सकाळी ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यातल्या छत्र्या घरात आहेतच, नव्या घेऊ नका. जीन्स दमट हवेत दोन दिवस वाळत नाही, म्हणून प्रत्येकी तीन-चार सुती जोड आणि मध्ये एकदा धुणं. 4,000 रुपये खर्चायचे ते मुलीसाठी मागे पट्टा असलेल्या सँडल, बॅगांची पावसाळी आवरणं आणि औषधांवर. सासूबाईंची औषधं आठ दिवसांची अधिक तीन दिवसांची, चिठ्ठीसकट, बर्थवर जवळ ठेवायच्या पर्समध्ये. सीटखालच्या बॅगेत नकोत. एसी डब्यासाठी त्यांची शाल. त्यांच्या आरोग्य विम्याच्या यादीत एर्नाकुलमचं कोणतं रुग्णालय कॅशलेस आहे ते आधी बघून कार्डाच्या मागे लिहून ठेवा.

चौघांत दोन मध्यम बॅगा पुरे. एकीत मसाल्यांसाठी तीन किलोची जागा सोडा. मिरी आणि वेलची मट्टनचेरीत (फोर्ट कोचीजवळची मसाल्यांची जुनी पेठ) हवाबंद पाकिटात बांधून मागा, नाहीतर परतीच्या प्रवासात कपड्यांना वास लागतो. मट्टनचेरीला रविवारी किंवा सोमवारी जा. तिथलं परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं, राजवाड्याचं संग्रहालय शुक्रवारी. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला टॅक्सीऐवजी हायकोर्टच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रोनं, म्हणजे शहरातल्या बोटसेवेनं, जा. चौघांचं तिकीट टॅक्सीपेक्षा कितीतरी कमी, आणि मुलीला त्यातच जास्त मजा येईल.