विंचेस्टर कॉलेज हे कॉलेज आहे की शाळा? आणि गरीब मुलांसाठी काढलेली शाळा इतकी महाग कशी झाली?

ब्रिटनचे माजी पंतप्रधान ऋषी सुनक यांच्यामुळे हा प्रश्न बऱ्याच जणांना पडलेला दिसतो. इंग्लंडमधलं विंचेस्टर ही शाळाच आहे, साधारण तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांची निवासी शाळा. सुनक तिथे हेड बॉय होते. तुमच्या प्रश्नातला 'गरीब' हा शब्द मात्र जरा तपासून घ्यायला हवा, कारण खरी मेख तिथेच आहे.

१३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडमधले पाद्री मोठ्या संख्येनं मेले. नवे, लॅटिन येणारे पाद्री तयार करायचे तर त्यांना लहानपणापासून घडवायला हवं, असा विचार विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ वायकम यांनी केला. १३७९ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला न्यू कॉलेज काढलं आणि १३८२ मध्ये त्याला मुलं पुरवणाऱ्या विंचेस्टरच्या शाळेची सनद केली. इमारती बांधून मुलं राहायला आली ती १३९४ मध्ये. सहाव्या हेन्रीनं १४४० मध्ये ईटन ही शाळा काढली तेव्हा हाच नमुना समोर ठेवला आणि विंचेस्टरचे हेडमास्तर विल्यम वेनफ्लीट यांनाही तिकडे नेलं.

नियमावलीत सत्तर 'गरीब आणि गरजू' स्कॉलर होते. त्यांचं शिक्षण, जेवण, राहणं फुकट. पण उत्पन्नाची कमाल मर्यादा होती वर्षाला पाच मार्क, म्हणजे ३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. त्या काळात एवढ्यात एखाद्या साध्या पाद्र्याचा चरितार्थ चालत असे. त्यामुळे शेतमजुराचा मुलगा इथे येईल असं मुळातच अपेक्षित नव्हतं. छोट्या जमीनदारांची, व्यापाऱ्यांची, कारकुनांची मुलं येत. शिवाय वायकम यांच्या नात्यातल्या मुलांना अग्रक्रम होता. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला, म्हणजे साडेचारशे वर्षं भाऊबंदांची सोय.

फीचं मूळ त्याच नियमावलीतल्या एका अपवादात आहे. पैसे भरणारी दहा मुलं घ्यायला परवानगी होती. त्यांना कॉमनर म्हणत. हा झाला चंचुप्रवेश. स्कॉलरांची संख्या सत्तरावर बांधलेली होती, कॉमनरांच्या वाढीला मात्र व्यवहारात आवर राहिला नाही. अठराव्या शतकात त्यांच्यासाठी वेगळी इमारत झाली आणि १८६० च्या दशकात, मुख्यतः हेडमास्तर जॉर्ज रिडिंग यांच्या काळात, त्यांची गावातल्या स्वतंत्र हाउसमध्ये, म्हणजे वसतिगृहांत, पांगापांग झाली. आज सत्तर स्कॉलर जुन्या वास्तूत, म्हणजे 'कॉलेज'मध्ये, राहतात आणि बाकीचे दहा हाउसमध्ये. हाउसना ए पासून के पर्यंत अक्षरं आहेत, त्यात जे नाही. शिवाय प्रत्येकाला एक कागदोपत्री नाव आणि एक तोंडातलं नाव. 'एफ', 'हॉकिन्स' आणि 'चॉकर्स' हे एकच हाउस आहे, हे नवख्याला कळायला वेळ लागतो.

आठव्या हेन्रीनं मठ बुडवले आणि नंतर १५४७ च्या कायद्यानं धर्मादाय प्रार्थनास्थळांची मालमत्ताही सरकारजमा होऊ लागली. त्यातून विंचेस्टर आणि ईटनला वगळलं गेलं. जमिनींचं उत्पन्न हातात राहिलं म्हणून शाळा राहिली. माझ्या मते या शाळेच्या इतिहासातला हा सगळ्यात निर्णायक आणि सगळ्यात कमी चर्चिला जाणारा प्रसंग आहे.

आतलं आयुष्य मात्र गोडगोजिरं नव्हतं. १७९३ मध्ये एका मुलानं मनाई मोडून लष्करी बँड ऐकला आणि वॉर्डननं, म्हणजे संस्थेच्या प्रमुखानं, सगळ्यांनाच शिक्षा केली. मुलांनी दरवाजे अडवले, बुरुजावर दगड गोळा केले आणि फ्रेंच क्रांतीची लाल टोपी फडकवली. १८१८ च्या बंडात तर संगिनी लावलेले सैनिक बोलवावे लागले. शिक्षक थोडे आणि मुलं खूप, म्हणून शिस्त मोठ्या मुलांच्या, प्रीफेक्टांच्या, हाती सोपवलेली असे. ती कुठवर जाई याचा नमुना १८७२ चा. शाळेची स्वतःची बोली आहे, तिला 'नोशन्स' म्हणतात, आणि तिची परीक्षा मुलंच घेत. एकानं बसायला नकार दिला म्हणून प्रीफेक्टनं त्याला ॲशच्या छडीचे तीस फटके मारले. प्रकरण वर्तमानपत्रात गाजलं. रिडिंग यांनी आधी प्रीफेक्टची बाजू घेतली, हे त्यांच्या कौतुकात बहुतेक जण सांगत नाहीत.

नोशन्समधले काही शब्द अजून रोजच्या वापरात आहेत. शिक्षक म्हणजे 'डॉन'. हाउसमधल्या अभ्यासाच्या मोठ्या खोलीत भिंतीलगत लाकडी कप्पे असतात. प्रत्येकात बसायची फळी, टेबल आणि वर पुस्तकांची फडताळं. याला 'टॉय' म्हणतात, म्हणून संध्याकाळचा अभ्यासाचा तास तो 'टॉयटाइम'. सगळ्यात वेगळी गोष्ट 'डिव': इतिहास, साहित्य, कला, राजकारण असं काहीही शिकवणारा तास, ज्याची बोर्डाची परीक्षा नसते. डॉन चांगला लाभला तर शाळेतला उत्तम तास हाच, नाहीतर नुसती गप्पाष्टकं.

जुन्या वास्तूत दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. चॅपलचं, म्हणजे प्रार्थनागृहाचं, छत दगडी कमानींचं वाटतं, पण ते लाकडाचं आहे. आणि पूर्वेच्या खिडकीतली चित्रकाच चौदाव्या शतकातली वाटते, पण तशी नाही. १८२० च्या दशकात मूळ काचा स्वच्छ करायला श्रूजबरीच्या कारागिरांकडे पाठवल्या आणि परत आल्या त्या नव्या प्रतिकृती. मूळ काचा विखुरल्या. काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, काही विसाव्या शतकात परत मिळून चॅपललगतच्या खोलीत बसवल्या आहेत. स्वयंपाकघराजवळ 'ट्रस्टी सर्व्हंट'चं चित्र आहे: डुकराचं तोंड आणि त्याला कुलूप, गाढवाचे कान, हरणाचे पाय. आदर्श नोकर कसा असावा, तर असा. आत्ताचं रंगकाम १८०९ चं आहे.

आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांसाठी: बॉडीलाइनवाले इंग्लंडचे कर्णधार डग्लस जार्डिन जन्मले मुंबईत आणि शिकले इथे. १९१९ मध्ये त्यांनी शाळेसाठी केलेला हंगामी धावांचा विक्रम १९५९ मध्ये मोडला तो मन्सूर अली खान पतौडी यांनी.

आता फीबद्दल. निवासी मुलाची फी वर्षाला ६०,००० पौंडांच्या आसपास जाते. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला, त्याचाही यात वाटा आहे. स्कॉलर व्हायचं तर 'इलेक्शन' नावाची परीक्षा आहे. सत्तर जागा पाच वर्षांत विभागल्या की वर्षाला चौदाच्या आसपास निघतात. इथे आपले पालक हमखास फसतात: स्कॉलर झाला म्हणजे फी माफ, असं आता नाही. फीमाफी कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहून वेगळी ठरते. ती पूर्ण फीपर्यंत असू शकते, पण तिचा अर्ज वेगळा आणि वेळेत करावा लागतो. २०२२ पासून शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गांत मुलींनाही प्रवेश आहे.

नुसतं पाहायचं असेल तर लंडनच्या वॉटरलू स्टेशनवरून गाडीनं तासाभराचा प्रवास आहे. शाळा मार्गदर्शकासोबतच पाहता येते, तेव्हा फेऱ्यांच्या वेळा आधी बघून जा. कॉलेज स्ट्रीटवरच शेजारी ८ क्रमांकाचं घर आहे. कादंबरीकार जेन ऑस्टिन १८१७ मध्ये तिथे वारल्या. ते बाहेरूनच बघावं लागेल.