मी एकटीने जाऊ का?

प्रश्न : भांडण झाले की यजमान आठ-आठ दिवस बोलत नाहीत आणि समुपदेशनालाही तयार नाहीत. मी एकटीने जाऊन उपयोग होईल का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, अवश्य जा. दांपत्य-समुपदेशनाला दोघे लागतात, परंतु १९६०च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी विकसित केलेली कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्याची संवादातून होणारी उपचारपद्धती, एकटीलाही घेता येते. तिच्यात ‘ते गप्प आहेत, म्हणजे मी नकोशी झाले’ असा आपोआप उमटणारा विचार वहीत लिहून त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे तपासले जातात. मौनामागे पुष्कळदा रागापेक्षा शब्द न सापडणे असते, असे मला मनापासून वाटते. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. यजमानांना एवढेच सांगा, की मी माझ्यासाठी जाते आहे.