मधल्या आधारावर ८० नव्हे, १०० किलोन्यूटन का?

तुझा प्रश्न असा: एक सलग बीम, ४-४ मीटरचे दोन स्पॅन (आधारांमधली अंतरं), तीन साधे आधार, सगळीकडे २० किलोन्यूटन प्रति मीटर भार. प्रत्येक स्पॅनचा भार निम्मा-निम्मा वाटल्यावर मधे ८० आले, पुस्तकात १०० आहेत. आणि अज्ञात प्रतिक्रिया (आधारांनी बीमला दिलेली बळं) तीन, समतोलाची समीकरणं दोनच.

निम्मा-निम्मा वाटलास तेव्हा नकळत बीम मधल्या आधारावर कापलास. कापलेला असता तर ८० बरोबरच होते. तो सलग आहे, म्हणून तिसरं समीकरण त्याच्या वाकण्यातून काढायचं.

मधला आधार काढून टाक. ८ मीटरचा साधा बीम उरला. तो मध्यावर (५ × २० × ८⁴) ÷ ३८४ ई-आय, म्हणजे १०६६.७ ÷ ई-आय इतका झुकेल (ई-आय म्हणजे बीमचा वाकण्याला होणारा विरोध). आता तिथेच खालून आर हे बळ लाव. ते त्याला आर × ८³ ÷ ४८ ई-आय, म्हणजे १०.६६७ आर ÷ ई-आय इतका वर उचलेल. आधार जागचा हलत नाही, म्हणून दोन्ही सारखे: आर १००. एकूण भार १६०, तेव्हा टोकांना ३०-३०.

ई-आय दोन्हीकडून उडाला म्हणून तो बिनकामाचा समजू नकोस. मधला आधार ५ मिलिमीटर खचला असं धर. बीम २३० × ४५० मिलिमीटर, काँक्रीट एम-२५ प्रतीचं, तडे नाहीत. ई-आय साधारण ४३,७०० किलोन्यूटन-मीटर वर्ग. खचण्याच्या दर मिलिमीटरला मधली प्रतिक्रिया सुमारे ४.१ ने घटते. म्हणजे १०० चे ७९.५ झाले! आधारावरचा ४० चा हॉगिंग मोमेंट (बीमला वर फुगवणारा वाकवण्याचा जोर, किलोन्यूटन-मीटरमध्ये) जवळजवळ शून्य, आणि स्पॅनमधला सॅगिंग (खाली झुकवणारा) २२.५ वरून ४०.५ वर. साध्या बीमचा आधार एवढासा खचला तर प्रतिक्रियांना काहीच होत नाही. सलग बीमचं गणित मात्र पायाच्या मातीपर्यंत जातं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तो ४० चा मोमेंट बीमच्या वरच्या अंगाला ताण देतो, म्हणून तिथे वर सळ्या लागतात. एका स्लॅबच्या वेळी काँक्रीट ओतताना माणसं त्याच सळ्यांवरून ये-जा करत होती आणि त्या दोन बोटं खाली दबल्या होत्या. काम थांबवून, खाली चेअर (सळ्या उचलून धरणारे टेकू) देऊन त्या परत वर घेतल्या. कागदावरचा १०० बरोबर असून भागत नाही.

स्पॅन वाढले की ही रीत लांबते. मग क्लापेरॉनचं १८५७ चं तीन मोमेंटांचं समीकरण किंवा हार्डी क्रॉसची १९३० ची मोमेंट वाटपाची पद्धत घे. पण आधी हे एक गणित हाताने कर: भार फक्त डाव्या स्पॅनवर ठेव. डावीकडून ३५, ५० आणि उणे ५ यायला हवं. उणे दिसलं म्हणून खोडू नकोस. उजवं टोक खरंच वर जाऊ पाहतंय; ते नुसतं टेकवलेलं असेल तर आधार सोडेल, आणि मग डावीकडे ४०, मधे ४० असं नव्याने मांडावं लागेल.