कनुनराहून छोटं विमान आणि बोट: एकाच दिवशी उरकावं का?

प्रश्न असा: जुलैत आईबाबांसह (वय ६५ आणि ७०) पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कनुनरा गावी तीन रात्री मुक्काम आहे. बंगल बंगल या घुमटाकार खडकांच्या डोंगरांवरून छोट्या विमानाची फेरी आणि ऑर्ड नदीतली बोट एकाच दिवशी करावी का? आईला गाडी लागते.

एका दिवसात दोन्ही बसतं, पण तीन रात्री हाताशी असताना बसवू नका. पहिल्या सकाळी विमान, दुसऱ्या दुपारी बोट. विमान आधी एवढ्यासाठी, की किमान प्रवासी जमले नाहीत किंवा हवा बिघडली तर फेरी रद्द होते, आणि मग पुढची सकाळ शिल्लक असते. शेवटच्या दिवशी विमान ठेवणारे बरेच जण न बघताच परततात.

विमानाची वेळ पहाटेचीच घ्या, मग कितीही लवकर उठावं लागो. नऊ-दहानंतर खडक तापतो, गरम हवा वर उठते आणि हलकं विमान गचके खायला लागतं. आईंना त्रास होईल तो याच गचक्यांचा. गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. कोणती घ्यायची ते डॉक्टरांना इथूनच विचारून जा, कारण वयस्क माणसांना या गोळ्यांनी गुंगी येते. उपाशीपोटी बसू नका. टोस्ट-बिस्किटं पुरे, दुधाचा चहा टाळा. फेरी दोन तासांच्या वर चालते आणि विमानात शौचालय नसतं, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. पुढची जागा मिळते का विचारा, पण हमी धरू नका. विमानाचा तोल साधायला प्रत्येकाचं वजन करून वैमानिकच जागा ठरवतो. म्हणून बुकिंग करताना खरं वजन कळवा. संकोचाने पाच किलो कमी सांगितले, तर ऐन वेळी सगळी मांडणी बदलावी लागते.

बहुधा एअरव्हॅन किंवा सेस्ना कॅराव्हॅन असेल. दोन्हींचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खाली बघायला आडकाठी नाही. पंखाला आधार देणारी तिरकी दांडी मात्र फोटोत येते. गडद कपडे घाला. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब खिडकीत पडतं. मोबाइल काचेला टेकवू नका, थरथर फोटोत उतरते. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारी काच) असेल तर काढा, नाहीतर प्लास्टिकच्या खिडकीत इंद्रधनुषी पट्टे दिसतात. घुमटांवर वैमानिक डावी-उजवी दोन्ही वळणं घेतो, तेव्हा जागेवरून उठायची धडपड नको.

उड्डाण झाल्यावर आधी कालव्याची शेतं दिसतात. त्यातल्या सरळ रांगा आपल्या चंदनाच्या आहेत, अगदी भारतीय जातीच्या. चंदन शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्न शोषतं, म्हणून मध्ये दुसरी झाडं लावलेली असतात. मग आर्गाइल तलाव, पुढे २०२० मध्ये बंद पडलेल्या हिऱ्यांच्या खाणीचा खड्डा (इथले बारीक हिरे पैलू पाडायला सुरतेला यायचे), आणि मग बंगल बंगल. नारिंगी-काळे पट्टे रंगवल्यासारखे दिसतात. ज्या थरात चिकणमाती जास्त, तिथे ओल टिकते आणि सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जिवाणूंचा काळसर पापुद्रा धरतो. कोरड्या थरावर लोखंडाचा गंज चढून तो नारिंगी होतो. धबधब्यांची अपेक्षा मात्र ठेवू नका. ते फोटो पावसाळ्यातले असतात. जुलै हा तिथला कोरडा मोसम, ओढे आटलेले असतात.

बोटीसाठी माझा आग्रह एकच: वर तलावाकडे बसने जा, खाली गावाकडे बोटीने या. आर्गाइल तलाव गावापासून सुमारे ७० किलोमीटर आहे. तिथल्या मोठ्या धरणाच्या पायथ्यापासून गावाजवळच्या बंधाऱ्यापर्यंत नदीतून ५५ किलोमीटर येता येतं. बंधाऱ्यामुळे हे सगळं पाणी वर्षभर भरलेलं राहतं, म्हणून जुलैच्या कोरड्या मोसमातही दोन्ही काठ हिरवे असतात. पाणकमळांच्या पानांवर लाल तुऱ्याचा कमळपक्षी दिसला तर बोट थांबवायला सांगा. पिल्लं सांभाळणारा तो नर असतो. धोका वाटला की तो पिल्लांना पंखाखाली दाबून चालू लागतो, आणि त्यांचे लांब पाय बाहेर लोंबकळत राहतात. काठावरची बोआब झाडं आपल्या गोरखचिंचेच्या कुळातली आहेत, खोडावरूनच नातं कळेल.

जुलैत सूर्य पाचनंतर लगेच मावळतो आणि वेगातल्या बोटीत वारा झोंबतो. दुपारी ऊन कडक असलं तरी आईबाबांचे स्वेटर आणि कानटोपी सोबत असू द्या. टोपीला दोरी हवीच. गुडघे दुखत असतील तर बोटीत चढणं-उतरणं कसं आहे ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

तलावात आणि वरच्या नदीत मुख्यतः गोड्या पाण्यातल्या अरुंद तोंडाच्या मगरी आहेत, त्या सहसा वाटेला जात नाहीत. बंधाऱ्याखाली खाऱ्या पाण्यातल्या, माणूस मारणाऱ्या. पण त्या कधी कधी बंधाऱ्याच्या वरही सापडल्या आहेत, म्हणून पाट्या वाचल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. आयव्हनहो क्रॉसिंगला (बंधाऱ्याखाली नदी ओलांडायच्या जागी) तर काठापासूनही लांब उभे राहा.

बंगल बंगलला स्वतः गाडीने जाण्याचा मोह होईल. महामार्ग सोडल्यावर ५३ किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, फोर-व्हील-ड्राइव्हशिवाय परवानगी नाही, आणि तेवढ्यालाच दोन-तीन तास लागतात. मणक्याचा त्रास असलेल्यांनी तो विचार सोडावा.

शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या डार्विनहून गाडीने येत असाल तर राज्याच्या सीमेवर तपासणी होते. फळं, भाज्या, मध तिथे काढून घेतात. केळी-सफरचंदं आधीच संपवा. घड्याळही दीड तास मागे करा. येताना विसरलात तर फार तर लवकर पोचाल, पण परतताना विसरलात तर डार्विनचं विमान चुकेल.