गायीला गाठी आल्यात आणि गोठा एकच आहे

यावेळी आलेली बहुतेक पत्रं लंपीबद्दलच, म्हणजे गायी-बैलांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूच्या आजाराबद्दलच आहेत. त्यातली मुद्दाम ज्यांच्याकडे दोन-चारच जनावरं आहेत त्यांची घेतोय, कारण मोठ्या डेअरीवाल्याकडे वेगळा शेड असतो, पगारी माणूस असतो, आणि माहितीपत्रकंही बरीचशी त्यांच्याच सोयीची असतात. दोन गायी असलेल्या घरात एक गेली म्हणजे निम्मं घर गेलं.

प्रश्न: डॉक्टर, आमच्या दोन गायी आणि एक तीन महिन्यांची कालवड आहे, सगळं मी एकटीच बघते. मोठ्या गायीला परवा ताप आला, डोळ्यातून नाकातून पाणी, आणि आज सकाळी मानेवर आणि कासेवर गाठी हाताला लागल्या. सगळे म्हणतात वेगळी बांध, पण बांधू कुठे? आणि तिचं दूध मुलांना द्यायचं का?

उत्तर: ताई, वेगळं बांधायचं म्हणजे आजारीलाच बाहेर काढायला पाहिजे असं नाही. तिला ताप आहे, तिला सावली लागणार, तिला राहू द्या गोठ्यात आणि निरोगी गाय न् कालवड बाहेर झाडाखाली न्या, वीस-पंचवीस पावलं मिळाली तरी घ्या, जास्त मिळाली तर उत्तमच. हा व्हायरस मुख्यतः माश्या, डास, गोचिडांच्या तोंडातून जातो. चावरी माशी रक्त पिताना गायीने शेपूट मारलं की अर्धपोटी उठते आणि जे जनावर सगळ्यात जवळ असेल त्याच्यावर जाऊन बसते, म्हणून शेजारी शेजारी दावण हा सगळ्यात मोठा धोका. आजारी गायीभोवती मच्छरदाणी नाहीतर बारीक जाळी लावता आली तर लावाच, कारण तिला चावलेली माशी बाहेर जायला नको, आपल्याला माशी अडवायचीय. बादली, दोर, खरारा वेगळा. आधी निरोगीचं काम उरकायचं, मग आजारीकडे जायचं, उलट नाही.

मात्र एक मन घट्ट करून ऐका, दुसरीला लागण आधीच झालेली असू शकते. चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ४ ते १४ दिवस जातात, कधी त्याहून जास्तही, म्हणून पुढचे ४ आठवडे रोज दोघींचा ताप बघा. साधा थर्मामीटर घरात ठेवा, गाठी यायच्या आधी ताप येतो आणि तेच दोन दिवस हातात असतात.

दुधाचं म्हणाल तर लंपी माणसाला होत नाही, दूध चांगलं उकळून प्यायला हरकत नाही, पण गायीला अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध वापरायचं नाही, घरात नाही आणि विकायला तर नाहीच. कालवडीला मात्र तिच्या अंगावर सोडू नका, कासेवर गाठी आहेत म्हणता ना. दूध काढून, उकळून, कोमट करून पाजा. आणि दूध रोज पूर्ण काढा, दुखतंय म्हणून सोडून दिलं तर कास सुजून कायमची जाते, हे मी फार वेळा पाहिलंय.

प्रश्न: लस टोचून दहा दिवस झाले आणि बैलाला गाठी आल्या. गावात म्हणतात शेळीची लस गायीला दिली म्हणून आजार आला, आधी असलं काही नव्हतं. खरं आहे का?

उत्तर: दादा, राग कळतो, पण खरं नाही. देवीच्या विषाणूंमध्ये शेळ्यांच्या देवीचा आणि लंपीचा विषाणू अगदी जवळचे भाऊबंद, म्हणून एकाच्या लसीने दुसऱ्यापासून संरक्षण मिळतं. आणि आजार लसीच्या कितीतरी आधीचा आहे, १९२९मध्ये झांबियात पहिल्यांदा नोंदला गेला, कित्येक दशकं आफ्रिकेतच होता, आपल्याकडे २०१९मध्ये ओडिशात सापडला आणि २०२२मध्ये राजस्थान, गुजरातमधून पुढे पसरत गेला तेव्हा घराघरात कळला.

तुमच्या बैलाचं बहुधा असं झालं की लस द्यायच्या आधीच माशी चावून गेली होती, किंवा लस अंगात मुरायच्या आत चावली. पूर्ण संरक्षण यायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. म्हणूनच आजार शेजारच्या गोठ्यात येईपर्यंत थांबायचं नसतं, दरवर्षी पावसाच्या, माश्यांच्या आधी टोचून घ्यायचं. लसीच्या जागी थोडी सूज, एखाद-दोन दिवस ताप, दूध जरा कमी, एवढं होऊ शकतं आणि ते उतरतं. आणि एकट्याने टोचून भागत नाही, परिसरातल्या निदान ८० टक्के जनावरांना लस असली तर साथ अडते, तेव्हा शेजाऱ्याच्या मागे लागा, त्याच्याशी बांधावरून भांडण असलं तरी लागा.

टोचणाऱ्याला एक विचाराच, प्रत्येक जनावराला नवी सुई आहे का. एकच सुई दहा जनावरांत फिरली तर ती सुईच माशीचं काम करते. विचारायला संकोच वाटतो लोकांना, माहितीय, पण जनावर आपलं आहे.

प्रश्न: रोज संध्याकाळी धूर करतो, फवारा मारतो, तरी माश्या हटत नाहीत. काय करू?

उत्तर: आधी माशी ओळखा. घरातली साधी माशी चावत नाही. चावरी माशी दिसायला तशीच, पण तोंडापुढे सुईसारखी सोंड असते आणि ती पायांवर बसते. जनावरं सारखी पाय आपटतायत, एकमेकांना चिकटून घोळक्याने उभी राहतायत, तर समजा तीच आहे. पोट भरलं की ती जनावरावर थांबत नाही, जवळच्या सावलीतल्या भिंतीवर, खांबावर जाऊन बसते. म्हणजे तुम्ही पाठीवर फवारता तेव्हा ती तिथे नसतेच! औषध भिंतीला, खांबांना आणि जनावराच्या पायांना लागायला हवं, लेबलवर लिहिलंय त्याच प्रमाणात, अंदाजाने घट्ट करायचं नाही, जखमेवर, डोळ्यांजवळ, लहान वासरावर मारायचं नाही, आणि पंप धुतलेलं पाणी ओढ्या-विहिरीकडे जाऊ द्यायचं नाही.

पण हेही अर्धंच काम. ती जन्मते कुठे ते बघा. गव्हाणीखाली सांडलेला चारा, त्यात शेण, त्यावर मूत, आणि ते ओलं कुजत पडलेलं, हे तिचं घर. उन्हाळी हवेत अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे तुम्ही दर आठवड्याला तो ओला थर खरवडून काढून उन्हात पातळ पसरला तर ती पिढी तिथेच मरते. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या आणि प्लास्टिकने घट्ट झाका, आतली उष्णता अळ्यांना जगू देत नाही. डासांसाठी साचलेली डबकी, टायर, फुटक्या घागरी रिकाम्या करा. गोचिडांसाठी भिंतींच्या फटी लिंपून घ्या. धूर ठीक आहे, धूर असेपर्यंत. माझ्या अनुभवात ज्या घरात खोरं नियमाने चाललं तिथे महिन्याभरात फरक दिसला, आणि त्याला पैसा लागत नाही, कंबर लागते.

प्रश्न: बैल वाचला पण पायाला सूज आहे, गाठी फुटून खड्डे पडलेत. कामाला कधी जुंपू?

उत्तर: घाई करू नका, हात जोडून सांगतो. सूज पूर्ण उतरून तो चारी पायांवर सारखा भार देऊन चालेपर्यंत नाही, मग ते काही आठवडे असोत की दोन-तीन महिने. जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, कडेने कडुनिंबाचं तेल, म्हणजे माशी बसून अळ्या पडणार नाहीत. अळ्या दिसल्याच तर त्याच दिवशी डॉक्टर. गळालेल्या खपल्या गोठ्यात पडू देऊ नका, त्यात व्हायरस महिन्याहून जास्त टिकतो, गोळा करून जाळा. दुखण्याचं औषध मनाने आणू नका, आणि डायक्लोफेनॅक तर नाहीच, गिधाडं त्याच औषधाने संपत आली म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६पासून बंदी आहे.

एखादं जनावर बसून राहिलं तर ते मेल्यातच जमा धरू नका. खाली जाड गवत घाला, दर दोन-तीन तासांनी कूस बदला, कोवळा हिरवा चारा हाताने तोंडात द्या, पाणी तोंडाशी न्या. तोंडात फोड असतात, भूक असूनही त्याला चावता येत नाही, आणि लोकांना वाटतं खाणं सोडलं. आठ-आठ दिवस बसलेली जनावरं उठून उभी राहिलेली मी पाहिलीत, त्यांच्या शेजारी कोणीतरी रात्री उठून पाणी पाजत होतं.